दादाच्या घराचा कोपरा

माझा कॅमेरा एका खोक्यातून आला नाही. सांगाडा पुण्याहून आला, स्टुडिओ बंद करायला निघालेल्या एका गृहस्थाकडून. भिंग परदेशातून आलं. मागे लावायचा सेन्सरचा डबा मुंबईच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने जुना म्हणून काढला होता. तो मिळाला तेव्हा कळलं, की डबा सांगाड्याला बसवायला आणखी एक चौकट लागते. ती यायला एक अख्खा पावसाळा गेला. कुरियरवाला दर वेळी दारात उभा राहून विचारायचा, ‘‘सर, अजून किती र्‍हायलंय?’’ मी म्हणायचो, ‘‘झालंच.’’

ह्याला टेक्निकल कॅमेरा म्हणतात. मधोमध भोक असलेली जाड धातूची पाटी, पुढे भिंग, मागे डबा, बाजूला फिरवायची चाकं. चाक फिरवलं की भिंग वर-खाली किंवा आडवं सरकतं. त्यामुळे उंच घराचा फोटो काढताना कॅमेऱ्याला मान वर करावी लागत नाही, आणि भिंती मागे कलल्यासारख्या येत नाहीत. उभी भिंत उभीच येते. बस्स, एवढंच. त्यात पाखरू टिपता येत नाही, नाचणारं पोर तर नाहीच नाही.

‘‘मग फोनमध्ये कलते वाटतं भिंत?’’ बायकोने विचारलं.

‘‘कलते.’’

‘‘कोणाला दिसते?’’

‘‘मला दिसते.’’

ती आत गेली. आमच्या घरात ह्या विषयावर झालेली ही सर्वांत मोठी चर्चा. नंतर मी जुनी गादी कापून तिच्या फोमचे खण पत्र्याच्या ट्रंकेत बसवले, भिंगाला बुरशी लागू नये म्हणून ट्रंकेच्या कपाटात दिवा लावून ठेवला, आणि गादी कुठली कापली ह्यावरून जे झालं ती चर्चा नव्हती.

माझं म्हणणं सगळं ऐकून घेतलं ते फक्त दादाने. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईत सगळी नोकरी काढून तो रत्नागिरीला परत आला आणि गावाबाहेर, उतारावर घर बांधलं. बांधलं म्हणजे त्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलं. जांभ्या दगडाचा एकेक चिरा हातात घेऊन, वाजवून पाहिला. एका बाजूला कातळ होता, दुसऱ्या बाजूला भराव घालावा लागला. लोक म्हणाले, भरावावर भिंत नको. दादा म्हणाला, माझी बसेल. मुंबईत आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोलीत राहिलेला माणूस, त्याला त्या घराबद्दल काही बोललेलं खपत नसे, आणि आम्हीही बोलत नसू.

मी त्याच्या घरापुढच्या खळ्यात ट्रंक उघडून कॅमेरा जोडत बसलो, तर तो शेजारी खुर्ची टाकून बसला.

‘‘म्हणजे हा खोटं दाखवीत नाय?’’

‘‘भिंतीच्या बाबतीत तरी नाही.’’

‘‘चांगलंय,’’ दादा म्हणाला. मला इतकं बरं वाटलं, की मी त्याला सेन्सरबद्दलही सांगितलं. तेही त्याने ऐकलं.

त्यानंतर दर वर्षी पाऊस सरला की त्याचा फोन यायचा. ‘‘ये रे, घराचा फोटो काढ. त्या मोठ्या कॅमेऱ्याने.’’ जागा त्यानेच ठरवली होती, विहिरीपाशी. ट्रायपॉडचे पाय कुठे ठेवायचे त्या खुणाही चुन्याने करून ठेवल्या होत्या. तिथून घराचा भरावाकडचा कोपरा पुरता दिसायचा. मला वाटायचं, दादाला फोटोतलं कळायला लागलं. जगात माझा एक तरी चाहता आहे, आणि तो माझा भाऊ आहे, ह्याचा मला अभिमान होता.

पहिल्या वर्षीचा फोटो सुरेख आला. दुसऱ्या वर्षी काहीतरी खटकलं, पण मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वर्षी दुर्लक्ष करता येईना. दरवाजा सरळ, खिडक्या सरळ, कातळाकडचा कोपरा सरळ. भरावाकडचा कोपरा वर जाताना बाहेर कललेला.

मी घरी जाऊन अख्खा कॅमेरा जेवणाच्या टेबलावर सुटा केला. आठवडाभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. भिंग बसवताना एका अंगाला राहिलं असेल म्हणून पुन्हा बसवलं. कॅमेरा समपातळीत आहे का ते बघायची पाणसळ नवी आणली. मग आमच्या कॉलेजच्या इमारतीचा फोटो काढला, सरळ. पाण्याच्या टाकीचा काढला, सरळ. दादाकडे जाऊन तो कोपरा चौकटीच्या मधोमध घेऊन काढला, वाकडा. ह्यावरून कुठल्याही विद्यार्थ्याने जो निष्कर्ष काढला असता, तो मी, भौतिकशास्त्र शिकवून केस पांढरे झालेला माणूस, काढू शकलो नाही. मी असा निष्कर्ष काढला, की माझा कॅमेरा दादाच्याच घरी बिघडतो. दादाची भिंत वाकडी असेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. लहानपणापासून घरात जे काही नीट झालं ते दादाने केलेलं होतं.

शेवटी मी संगणकावर तेवढा कोपरा ओढून सरळ केला, मोठा फोटो छापून घेतला, चौकट केली आणि दादाला नेऊन दिला.

दादाने चष्मा पुसला. फोटो खिडकीशी नेला. भरावाकडच्या कोपऱ्याला पोस्टकार्डाची कड लावून पाहिली, खालपासून वरपर्यंत. मग तो हसला. असा हसलेला मी त्याला पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

‘‘सरळ आहे,’’ तो म्हणाला आणि आत वहिनीला हाक मारली. ‘‘अगो, ऐकलंस? शिरा कर. भरपूर तूप घाल.’’

मला आनंद झाला. माझ्या कामाचं असं कौतुक कोणी केलं नव्हतं. शिरा आला. दादा खाताना मधेमधे फोटोकडे बघत होता, आणि मला राहवेना. कारागिराला आपली करामत सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

‘‘हा कोपरा सरळ करायला मला तीन संध्याकाळी लागल्या,’’ मी म्हणालो. ‘‘कॅमेऱ्यात वाकडा येत होता. काय बिघडलंय ते अजून सापडत नाही.’’

दादाचा चमचा बशीत तसाच राहिला.

‘‘मुळातला दाखव.’’

मी लॅपटॉप उघडला. तीन वर्षांचे तीन फोटो त्याने शेजारीशेजारी लावायला सांगितले. तसे ते मी कधीच लावून पाहिले नव्हते. आता शंकेला जागा नव्हती. पहिल्यात भिंत उभी होती, दुसऱ्यात जराशी कलली होती, तिसऱ्यात आणखी.

‘‘मला वाटत होतंच,’’ दादा म्हणाला. ‘‘ओळंबा लावायचा धीर होत नव्हता. लावला आणि कोणी बघितलं तर? म्हटलं, हा काढील दर वर्षी फोटो. ह्याचा कॅमेरा खोटं दाखवीत नाय.’’

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आधी स्वतःसाठी वाटलं. माझा एकुलता एक चाहता भिंत मोजत होता. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते सगळं विरून गेलं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, ‘‘हिला कसं सांगू रे? हिला वाटतं, मी बांधलंय म्हणजे...’’

वहिनी दारातच उभी होती.

‘‘भावोजी,’’ ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तुम्ही राहायला आलात की तुमची गादी बाहेरच्या खोलीत का घालते मी?’’

‘‘मी घोरतो म्हणून.’’

‘‘घोरता ते आहेच. पण त्या भिंतीखाली मी दोन वर्षं कोणाला झोपू देत नाही. ह्यांनाही नाही. ह्यांना सांगितलं, तिकडे डास फार.’’

दादा तिच्याकडे वळला. ‘‘बोलली नाहीस ती?’’

‘‘काय बोलायचं? एकेक चिरा वाजवून घेतलेला तुम्ही.’’ तिने बश्या उचलल्या. ‘‘आता गवंड्याला फोन करा. पुढच्या पावसाआधी तो कोपरा उतरवून घेऊ. शिरा उरलाय, संपवा.’’

दादाने फोन केला. गवंडी सोमवारी येतो म्हणाला. मग दादा उठला, पायांत चपला सरकवल्या आणि मला म्हणाला, ‘‘कॅमेरा आणलायस ना? उतरवायच्या आधी एकदा काढ. मोजायला नको. मला ठेवायला हवा.’’

संध्याकाळ होत आली होती. मी विहिरीपाशी कॅमेरा जोडला. दादा जाऊन त्या कोपऱ्याला तळवा टेकून उभा राहिला. मी ओरडून सांगितलं, उजेड कमी आहे, दोन सेकंद अजिबात हलू नकोस. तो ‘हो’ म्हणाला आणि हलला. फोटोत प्रत्येक चिरा, प्रत्येक सांधा स्वच्छ आलाय. दादाचे खांदे आणि चेहरा तेवढा पुसट आहे. मी दुसरा काढला नाही. हाच छापून दिला.