मामाजींच्या नावावर फुलं पडेनात

लहान बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी छापूच दिली नाही. घरात वेबसाइट बनवणारी मुलगी असताना कागद कशाला, असा माझा तोरा. नाचणगावच्या आमच्या घरात माझ्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नव्हती, त्यामुळे पत्रिका वेबसाइटवर गेली. इतर निमंत्रकांची नावं साधी ठेवली. आत्याचे यजमान मात्र घरचे जावई, म्हणून त्यांचं नाव मानाचं. आधी जागा कोरी, मग वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि पाकळ्यांतून हळूहळू नाव उमटतं. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो.

पत्रिका पाठवली आणि हिंगणीहून आत्याचा फोन आला.

"तुह्ये मामाजी जेवले नाई. सगळ्यायचे नाव हायेत, माह्यंच काऊन नाई, म्हणते. लग्नाले जायचं नाई म्हणते."

बहीण रडायलाच लागली. लहानपणी आई आजारी असताना तिला आत्यानंच सांभाळलं होतं. हळद लागेल तर आत्याच्या हातची, नाही तर नकोच, असं तिनं जाहीर केलं. आणि मामाजी आल्याशिवाय आत्या यायची नाही.

माझ्या फोनवर पाकळ्या पडत होत्या. वडिलांच्या, शेजारणीच्या, दूधवाल्याच्याही फोनवर पडत होत्या. मी फोनवरून उपाय सांगत गेले. पान पुन्हा उघडा. मोबाइल बंद करून चालू करा. दुसऱ्या ब्राउजरमध्ये पाहा. पत्रिका मामाजींच्याच हातातल्या मोबाइलवर होती, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. मागून आवाज यायचा, "नाई दिसून राह्यलं म्हणा तिले." मग आत्या मला तेच पुन्हा सांगायची.

शेवटी चिडून स्कूटी काढली आणि हिंगणी गाठली. मामाजी ओसरीवर खांबाला धरून बसले होते. त्यांचा मोबाइल उघडला, तर सेटिंगमध्ये अ‍ॅनिमेशन बंद. हलणारं काही दाखवू नको, असं मोबाइलला बजावलेलं होतं आणि माझ्या वेबसाइटनं ते निमूटपणे ऐकलं होतं. पाकळ्या पडल्या नाहीत, म्हणून पाकळ्यांमागून येणारं नावही आलं नाही. ज्यांना मान दिला, तेवढेच गायब!

मी अ‍ॅनिमेशन चालू केलं आणि मोबाइल मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे धरला. पाकळ्या पडू लागल्या. मामाजींनी डोळे गच्च मिटले आणि खांबाला मिठी मारली.

"बंद कर, बाई! घर फिरून राह्यलं!"

तेव्हा कुठे आत्यानं खरं सांगितलं. कानाच्या दुखण्यामुळे त्यांना घेरी येत होती. समोर काही हललं की तोल जायचा, म्हणून मोबाइलमधलं हलणारं सगळं बंद करून घेतलं होतं.

"मांडवात पडलो तर लोक म्हणतीन, जावई पिऊन आला," मामाजी डोळे मिटूनच म्हणाले.

लग्न टाळायला त्यांना कारण हवंच होतं. ते मी फुलांसकट पुरवलं होतं.

मला फार वाईट वाटलं. तिथेच बसून मी नाव आधीपासून दिसेल असं केलं. मामाजींनी एक डोळा उघडून पाहिलं.

"फुलं कुठायत?"

"मामाजी, फुलं पडले की तुमाले घेरी येते."

"लोकायच्या मोबाइलवर पडते ना?"

"पडते."

"मंग माह्या काऊन नाई?"

वाईट वाटणं तिथल्या तिथे संपलं. दात-ओठ खात मी त्यांच्यासाठी नावाभोवती न हलणारी फुलं चिकटवली. मामाजींनी ती बोटानं ढकलून पाहिली. ढिम्म हलली नाहीत, तेव्हा म्हणाले, "पाहू."

घरी येऊन हे सारं बहिणीला सांगितलं. तिनं लगेच मांडववाल्याला फोन लावला. पळत्या दिव्यांच्या माळा नकोत, गरगर फिरणारे रंगीत दिवे नकोत, वाऱ्यानं हलणाऱ्या झालरीसुद्धा नकोत. मांडववाल्यानं दोनदा विचारलं, लग्नच आहे ना?

हळदीच्या दिवशी मामाजी आले. आत्याचा हात घट्ट धरून, खाली मान घालून. मांडवाच्या दारात थांबले. हळूच वर पाहिलं, मग चौफेर. बहीण पाटावर बसून त्यांच्याकडेच पाहत होती.

"एक लायटिंग नाई?" मामाजी कडाडले. "आमच्या पोरीचं लगन हाय का मजाक? कुठं हाय तो मांडववाला?"

आणि त्याला जाब विचारायला ते मांडवाच्या त्या टोकापर्यंत तरातरा, सरळ चालत गेले. आत्याचा हात मोकळा झाला होता. तिनं तो हळदीच्या वाटीत बुडवला.