ज्या भागात काहीच झालं नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी मी रिमोट खाटेवर आपटला, तेव्हा घरात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. साडेसातची सिरियल नुकतीच संपली होती आणि त्या अर्ध्या तासात, जाहिराती सोडल्या तर, काहीएक झालं नव्हतं.

सिरियलमध्ये एक आई होती. तिची कॉलेजात जाणारी मुलगी आदल्या आठवड्यात अपघातात गेली होती. रडारड झाली, अग्नी दिला, सासूचे टोमणेही झाले. आणि मग हा भाग. पाहुणे गेलेत. ती बाई घर झाडते. दोरीवरचे कपडे काढून घड्या करते. कुकर लावते. चार ताटं काढते, त्यातलं एक परत ठेवते. मग बसते. बोलणं नाही, ते नेहमीचं ढॅणढॅण नाही, नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. चार शिट्ट्या झाल्या आणि भाग संपला.

आम्ही झाडीपट्टीची माणसं. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, नाटकात मरणारा माणूस दोन गाणी म्हणून मगच मरतो, आणि त्याची बायको असा हंबरडा फोडते की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचीही झोप मोडावी. दुःख म्हणजे ते, असं आमचं गणित. ही बाई कपड्यांच्या घड्या घालत बसली, तर मला ती फसवणूकच वाटली.

पण माझ्या रागाचं खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी मला हा भाग सांगायचा होता.

आमचं गाव एकोडीच्या पलीकडे. रोवणीच्या दिवसांत आम्ही दहा-बारा बाया मिळून एकमेकींच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जातो, आज हिच्या, उद्या तिच्या. पोटरीएवढ्या चिखलात वाकून, धानाचे परे, म्हणजे रोपं, रोवत, एकेक पाऊल मागे सरकायचं. कंबर मोडते, पण डोकं आणि तोंड रिकामंच असतं. पूर्वी बाया गाणी म्हणायच्या. आता एकीनं आदल्या दिवशीची सिरियल सांगायची, असा आमचा रिवाज पडला आहे. कुणाकडे लाइन गेलेली असते, कुणी दमून जेवणाआधीच आडवी झालेली असते. सांगणारी बोलत राहिली की सगळ्यांचे हात एका चालीनं चालतात. ती अडखळली की पात मोडते, एक पुढे एक मागे होते. म्हणून एक नियम आहे, सांगणारीला मध्ये कुणी टोकायचं नाही. जिनं स्वतः पाहिलं असेल तिनंही नाही.

ही सांगणारी म्हणजे मी. उगाच नम्रपणा कशाला, माझ्यासारखं कुणाला जमत नाही. टीव्हीवर दोन वाक्यांत झालेलं भांडण मी अर्धी बांधी पुरवते. मीठमिरची लावते, हेही खरं. बायांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्या वर्षी आमच्यात धाकटी येऊ लागली होती. धाकटी म्हणजे माझी जाऊ. एकाच घराचे दोन भाग केलेत, मधे एक भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे ती, तिचा नवरा, आमची सासू. आणि तिची मुलगी. मुलगी भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. त्याच्या आदल्या वर्षी पोळा आठ दिवसांवर असताना तापानं फणफणून घरी आली. साकोली, भंडारा, नागपूर, सगळीकडे नेलं. नवव्या दिवशी तिला परत आणलं ते अॅम्ब्युलन्समधून, झाकून. एकोणीस वर्षांची पोर.

तेव्हापासून धाकटीच्या घरचा टीव्ही बंद होता. त्यावर तिनं जुनी चादर टाकली होती. वर्षभर ती कुठे गेली नाही, आली नाही. रोवणीला मीच तिला ओढून नेलं, चार बायांत मन रमेल म्हणून. ती कधी काही विचारायची नाही. पण मी सिरियल सांगू लागले की सरकत सरकत माझ्या शेजारच्या पातीला यायची. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचं, मी तिला बरं करते आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीत उतरलो. पऱ्यांच्या पेंड्या टाकून झाल्या आणि बाया म्हणाल्या, "हं, सांग व." मी सुरू केलं. घर झाडलं, कपडे काढले, कुकर लावला. अर्धी पातही झाली नाही आणि माझ्याकडचं सगळं संपलं. पात रेंगाळली.

"मंग?" एक म्हणाली.

"मंग ताट काढलं."

"अवो, पण झालं काय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, "ताट ठेवाले गेली अन् तेवढ्यात फोन वाजला. तिनं उचलला. तिकडून कोणी बोलेच ना. अन् मंग आवाज आला, 'आई'."

"अगो माय!" सगळ्या एकदम ओरडल्या. "पोरगी जित्ती आहे?"

"हो मंग! तो मुडदा दुसऱ्याच पोरीचा होता. चेहरा कुठं पाहू देल्ला होता कोणाले?"

हात भराभर चालू लागले. मलाही चेव आला. सिरियलीत मेलेलं माणूस परत येतंच, आज नाही तर महिन्यानं येईल, मी फक्त थोडं आधी आणलं, असं मनाशी म्हणत मी रंगवत गेले. दवाखान्यात अदलाबदल कशी झाली, मुलगी कुठल्या गावी शुद्धीवर आली, सगळं. शेजारी धाकटीचा हात थांबलेला मला दिसला नाही असं नाही. दिसला. मला वाटलं कंबर धरली असेल.

ती हळूच म्हणाली, "बाई, आवाज तिचाच होता का?"

धाकटी मला बाई म्हणते. मी म्हणाले, "तिचाच. मायले पोरीचा आवाज नाही समजत का?"

एवढं बोलूनही मला काही कळलं नाही. देवानं मला जीभ दिली, तिच्यासोबत थोडी अक्कलही द्यायची.

त्या संध्याकाळी साडेसातला आमच्या टीव्हीवर सिरियलचं गाणं लागलं आणि तेच गाणं भिंतीपलीकडूनही ऐकू आलं. मला आधी वाटलं कानांचा भास आहे. थोड्या वेळापूर्वी धाकटा दीर दारात येऊन गेला होता. तो सानगडीच्या बाजारातून सायकलनं आला होता, डिशचं रिचार्ज मारून. त्याचे डोळे भरून आलेले. म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळं झालं. वर्षभरानं तिनं सोताहून म्हटलं, टीव्ही लावून द्या." मला त्याचा अर्थ लागला तो ते गाणं ऐकल्यावर.

नव्या भागात सुरुवातीलाच भिंतीवर मुलीचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. आई त्याच्यापुढे दिवा लावत होती. फोन नाही, आवाज नाही. पलीकडचा टीव्ही दोनेक मिनिटं चालला, मग बंद झाला. मी आमचाही बंद केला. जाऊन काही बोलावं, इतकी हिंमत मला झाली नाही. मी भाकरी थापत बसले.

दुसऱ्या दिवशी बांधीत भांडण पेटलं. आमच्यातली सगळ्यात लहान, मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेली एक सून मोबाइलवर सिरियल पाहते. नियम मोडून तीच बोलली, "काकू, फोन कुठं आला त्या भागात? मी दोनदा पाह्यला."

मी भडकले. "दोनदा पाह्यला? त्यात एकदा पाहाजोगं काय होतं? बाई घड्या करून राहिली, करून राहिली!"

"मले तं लय रडू आलं."

"तुले कायनंही येते."

मग बाया दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या. एक म्हणाली, अर्धा तास फुकट गेला, यापेक्षा आमच्या बाईनं सांगितला तोच भाग चांगला. दुसरी म्हणाली, सासू मेली तेव्हा मी अशीच गुरांचा कोठा साफ करत बसली होती, मले तं खरं वाटलं. तिसरी म्हणाली, खरंच पाहाचं असन तं टीव्ही कायले लावा, आपल्या घरातच पाहा ना! सगळ्या हसल्या. सून हट्टाला पेटली. म्हणाली, एवढ्या सिरियली पाह्यल्या पण माणूस मेल्यावर घर कसं चूप होते ते कोणी दाखवलं नव्हतं. मी म्हणाले, चूपच बसाचं असन तं रेडिओ-टीव्ही निघाले कायले? कुणाचीच पात धड जाईना. परे वाकडेतिकडे लागत होते आणि आम्ही चिखलात उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून भांडत होतो. एका भागावरून, ज्यात काहीच झालं नव्हतं.

धाकटी एकटीच वाकलेली होती. ती रोवत राहिली.

दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. धाकटी माझ्याजवळ बसली नाही. ती त्या सुनेजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "दाखव बरं मले तो भाग."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं मोबाइल गुडघ्यावर उभा धरला. जाहिराती काढून तो भाग वीस-बावीस मिनिटांचा उरला होता. कुणी जेवत होतं, कुणी तंबाखू चोळत होतं. झाडण्याचा आवाज आला. मग कुकरची शिट्टी. धाकटीच्या भाताला मुंग्या लागल्या, तिला भान नव्हतं. ताट परत ठेवलं त्या जागी तिनं सुनेला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा पाहिलं. रडली नाही. भाग संपल्यावर पदरानं मोबाइलची काच पुसून तो परत दिला आणि म्हणाली, "बरोबर दाखवलं."

एवढंच. त्यानंतर त्या भागाला चांगला की वाईट म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. दुपारची रोवणी आम्ही न बोलता केली. माझ्या आठवणीत तरी अशी ही पहिलीच.

संध्याकाळी घरी जाताना मी मुद्दाम मागे राहिले, तिच्यासोबत. धुरा अरुंद, ती पुढे, मी मागे. तिच्या पाठीकडे पाहून बोलायला सोपं गेलं. म्हणाले, "माझं चुकलं व. मले तुह्या पोरीचं ध्यानातच नाही राह्यलं."

"ध्यानात नाही राह्यलं, हे समजलं मले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तरले असते. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे.

थोडं चालल्यावर ती आपणहून बोलू लागली. "काल दिवसभर माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, बाई. मले वाटलं, सिरियलमंदी होते तं... नागपूरले किती गर्दी होती. आपणबी कुठं नीट पाह्यलं होतं तोंड? मले माहीत होतं असं नसते. पण एक दिवस वाटलं."

मला रडू कोसळलं. ती थांबली नाही, म्हणून मीही चालत राहिले.

"तेरवीपर्यंत घर भरून होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सगळे गेले. मी असाच भात मांडला, चौघायचा. वाढाले बसली तवा समजलं. मले तिथं बसवेना. मी तुमच्या घरी आली."

"कवा?"

"त्याच दिवशी. साडेसातले. तुमी टीव्ही पाहून राहिल्या होत्या. मले म्हटलं, ये, बस, बिरेक झाला का चहा मांडतो."

"मंग?"

"मंग बिरेक झाला. तुमी मले मांगचं सांगत बसल्या, मले समजलं पाह्यजे म्हणून. कोणाचं लग्न होतं त्यात. मी आयकलं. मंग बिरेक सरला. मी उठून गेली."

मी खूप आठवून पाहिलं. ते लग्न मला आठवतं. नवरीचा शालू आंबा रंगाचा होता, मंगळसूत्र कुणी लपवलं, कुठल्या उशीखाली, ऐन मुहूर्ताला कुणाला चक्कर आली, हे सगळं मी आजही बिनचूक सांगू शकते. त्या संध्याकाळी माझ्या दारातून आलेली धाकटी मला आठवत नाही. तिनं कोणतं लुगडं नेसलं होतं, ती कुठे बसली, तिचा चेहरा कसा होता, काहीच नाही.

गाव जवळ आलं होतं. मी विचारलं, "काय सांगाले आली होतीस व त्या दिवशी?"

ती थांबली. खरंच आठवते आहे अशी थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आता नाही सांगता येत, बाई," आणि आपल्या दाराकडे वळली.