पाळण्याशेजारचा ढोल

पूर्णगडच्या हौसाला भांडण येत नव्हतं असं कुणी म्हणेल तर त्याने एकदा पावसच्या बाजारात तिच्याकडे बांगडा मासळीचा भाव पाडून बघावा. पण शेजारच्या धोंडूला "बाबा, जरा हळू वाजव" एवढं सांगायचं, तर या बाईची महिनाभर जीभ उचलेना.

कारण धोंडू वाजवत होता ढोल, आणि ढोल होता देवीचा. शिमग्यात पालखीपुढे ढोलाचा मान त्यांच्या घराण्याचा. बाप भिकाजी गेल्या वर्षी वारला, म्हणून यंदा पहिल्यांदाच धोंडूच्या गळ्यात ढोल येणार. सारा गाव बघणार, बापाशी तुलना करणार. म्हणून गडी रोज होडीवरून आला की पाच वाजता पडवीत बसायचा आणि दिवे लागेपर्यंत बडवायचा. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. आवाज असा यायचा की मांडणीवरची भांडी थरथरायची.

एरवी हौसाने ढोलावर दोन कांड्या स्वतःही मारून बघितल्या असत्या. पण यंदा घरात पाळणा हलत होता. मुलगा निहार मुंबईला नोकरीत. सून रुचिराला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच. पोर आठव्या महिन्यातच आलं, मूठभर. तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "दूध आणि झोप. वजन वाढलंच पाहिजे." झालं, ते वाक्य हौसाच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. आता पोर तीन महिन्यांचं झालं तरी ती दर आठवड्याला आरोग्य केंद्रातल्या वजनकाट्यापुढे देवळात उभी राहावी तशी उभी राहायची.

पाच वाजले की पहिली थाप पडायच्या आत ती पाळण्याशी बसायची आणि दोन्ही तळहात नातवाच्या कानांवर धरायची. हात भरून यायचे, मुंग्या यायच्या, पण काढायची नाही. पोर शांत झोपायचं. आपण हात धरले म्हणून झोपलं, असं तिला वाटायचं. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली की वाटेत मनातल्या मनात बोलणं घोळवायची. "धोंडू, राग मानू नको हां." छे, असं सुरू केलं की माणूस आधी रागावतो. "धोंडू, तुझा हात चांगला बसलाय." मग तर तो दुप्पट वाजवील! शिवाय होडी लागली की चांगली मासळी पहिल्यांदा हौसाकाकीच्या पाटीत टाकणारा तोच. शेजार तुटला तर? आणि माणसाचं राहू दे, देवीचा ढोल थांबवला आणि त्याचं काही पोरावरच आलं तर? एवढंसं पोर, कशाकशापासून जपायचं?

शेवटी एक दिवस तिने तोड काढली. धोंडूशी बोलायचंच नाही, ढोलाशी बोलायचं. नारळ आणि विडा घेऊन ती गडगा ओलांडून गेली, पडवीतल्या ढोलापुढे ठेवला, पदर खांद्यावरून घेतला आणि गाऱ्हाणं घालायला लागली.

"बा देवा म्हाराजा, आज ही हौसा तुझ्या पायाशी आलीय..."

"व्हय म्हाराजा," धोंडू मागून म्हणाला. जन्माची सवय. गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून हुंकार जातोच.

"घरात अपुऱ्या दिवसांचं लेकरू हाय, त्याची झोपमोड होते..."

"व्हय म्हाराजा."

"तर शिमग्यापर्यंत जरा लांब जाऊन वाज, आणि लेकराचं रक्षण कर."

"व्हय म्हारा..." आणि धोंडूची कांडी हातातच राहिली. मग डोकं खाजवत हसला. "काकी, फसवलात की ओ मला! नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं." दुसऱ्या दिवसापासून तो ढोल घेऊन बंदरावर जाऊन वाजवायला लागला. हौसाला केवढं हलकं वाटलं! चार दिवस ती पाच वाजताही पाय पसरून बसली.

पाचव्या दिवशी पाचच्या सुमाराला धोंडू बंदरावर जाता जाता दारात आला. ढोल गळ्यातच, हातात केळीच्या पानात गुंडाळलेली मोरी मासळी. बाळंतिणीला दूध येतं म्हणून मुद्दाम बाजूला काढलेली. रुचिराने ती आत नेऊन ठेवली. पोर पाळण्यात जागं होतं, वर बांधलेल्या कापडी चिमण्यांच्या चिमणाळ्याकडे बघत.

"काय रे स्वरूपशेठ," धोंडू वाकून म्हणाला. "काकी, एक कबूल करायचंय. गेल्या आठवड्यात तुम्ही बाजारात होतात. वहिनी न्हाणीत गेली, मला म्हणाली जरा बघा. मी इथेच बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होतो. आणि ताण बघायला सवयीनं सणकून कांडी हाणली. मग आठवलं, अरे, पोर! माझी तर छातीच धडधडली. पण हा? ढिम्म! माझ्याकडे पाठ, मूठ चोखत पडलेला. म्हटलं देवीचा ढोल, त्याला लेकरू भीत नाय. म्हणून सांगतो, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

"खरंच ओ," आतून रुचिरा कौतुकाने म्हणाली. "कुकरच्या शिट्टीनेसुद्धा उठत नाही. माझं पोर गुणाचंच आहे."

गुणाचं. हौसाने वळून पाळण्याकडे बघितलं.

तिच्या माहेरी, अंजनवेलला, हाच शब्द चार वर्षं चालला होता. धाकटा भाऊ सदू. गुणाचं पोर, दचकत नाही, रडत नाही, दंग्यातही झोपतं. चार वर्षांनी कळलं, तेव्हा आई डोकं आपटून रडली. पण तोवर उशीर झाला होता. सदूला बोलणं आलं नाही ते नाहीच. आज साठीला आलाय, बंदरावर टोपल्या उचलतो. त्याला बोलवायचं तर लोक पाठीत खडा मारतात. हौसाने स्वतः मारलेत, लहानपणी. आणि आता महिनाभर रोज आपण या पोराचे कान दाबून बसलो! एकदा, एकदा तरी हात काढून बघायला काय झालं होतं?

"धोंडू," ती म्हणाली, "वाजव."

"आं?"

"हितंच. त्याच्या डोक्यामागं उभा राहा. त्याला दिसू नको. पाळण्याला शिवू नको. आणि वाजव."

"काकी, म्हाराजापुढे व्हय म्हटलंय मी..."

"ते मी मागं घेते. काय पाप लागायचं ते मला लागू दे. वाजव मेल्या!"

धोंडूने एक हलकी थाप मारली. पोर चिमणाळ्याकडे बघत होतं. "जोरात," हौसा म्हणाली. त्याने कांडी हाणली. घर दणाणलं, फळीवरचा डबा खाली पडला, रुचिरा ओल्या हातांनी धावत आली. "आई! अहो काय करताय? भिईल ना तो!"

पोराने जांभई दिली.

"अजून," हौसा म्हणाली. पण धोंडूला आता कळलं होतं. त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. त्याने गळ्यातून ढोल काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"उद्या बाजार नाय," हौसा म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीनं रत्नागिरीला जायचं, कानाच्या डॉक्टरकडे. निहारला आत्ता फोन लाव. आता लहान हाय, आता काय तरी करता येतं म्हणतात. मशीन असते. सदूच्या वेळेला नव्हती."

"कानाच्या? कशाला?" रुचिरा म्हणाली. मग तिने पडलेल्या डब्याकडे बघितलं, ढोलाकडे बघितलं, पोराकडे बघितलं. ती धोंडू उभा होता तिथे, पाळण्याच्या उशाशी गेली.

"स्वरूप," तिने हाक मारली. "स्वरूप... ए बाळा... स्वरूप!" शेवटची हाक तर गडग्यापलीकडे गेली असेल. पोर मूठ चोखत होतं.

हौसाने तिचा खांदा धरला.

"बाय माझे, मागून नको हाक मारू. पुढे ये. त्याला दिस."

रुचिरा डोळे पुसत पुढे आली. आईचं तोंड दिसल्याबरोबर पोराने हातपाय उडवले आणि तोंडभर हसलं.