कोरड्या वाफ्यातलं हिरवं रोप

संशोधन केंद्रातल्या हरभऱ्याच्या या वाफ्याला आम्ही मुद्दाम पाणी देत नाही. कोरड्यात जे तगेल, त्याचंच बी पुढे धरायचं. आज सकाळी सगळी रोपं माना टाकून उभी होती आणि मधलं एकच हिरवंगार. इतकी वर्षं वाट पाहिली, ते हेच का? मी खाली वाकले, तर बुंध्याशी माती ओली लागली.

खुरपणाऱ्या पार्वताबाईंनी नजर चुकवली. "हे लई सुकलं होतं, ताई. बघवंना. माझ्या प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर घालत होते."

मला ओरडायचं होतं, पण मी हातातली वही मिटली. या बाईंनी जन्मभर रोपं जगवली. मी मात्र रोज वही घेऊन येते, कोणतं रोप कधी सुकलं ते लिहिते आणि त्याला आशा म्हणते. यातलंच एखादं बी उद्या कुणाच्या कोरड्या रानात तग धरेल, हे खरंच आहे. पण या रोपांची तहान आजची आहे.

मी त्या रोपाला बांधलेली नंबराची चिठ्ठी काढली. चाचणीतून ते आता बाद झालं होतं, म्हणून माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी त्याच्या मुळाशी ओतलं. मग शेजारच्या रोपांकडे न बघता वाफ्याबाहेर आले.