रस प्यायलेला स्लॅब

आमचं विद्यापीठ उसात आहे. देवळाली प्रवऱ्याकडून येताना कालव्याचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना नुसता ऊस लागतो आणि त्याच्यावर डोकं काढून उभ्या असलेल्या पाच-सहा पांढऱ्या इमारती दिसतात, त्या आमच्या. नवा माणूस हमखास वळण चुकतो आणि कुणाच्या तरी वस्तीवर जाऊन चहा पिऊन परत येतो. मी इथं रसायनशास्त्र शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. पहिलं काम पगारासाठी करते आणि दुसरं माझ्या भांडखोर स्वभावाला मानवतं म्हणून.

मी इथं आल्यापासून बांधकाम थांबलेलं पाहिलेलं नाही. एका इमारतीला रंग लागेपर्यंत दुसरीचा पाया खणून झालेला असतो. मी वर्गात तोंडाला फेस येईस्तोवर शिकवत असते आणि बाहेर फरशी कापायचं मशीन किंचाळत असतं. पोरं अर्थातच मशीनकडे जास्त लक्ष देतात. विकास म्हटला की थोडी धूळ खावीच लागते, असं आमचे कुलगुरू प्रत्येक बैठकीत सांगतात. त्यांच्या खोलीला एसी आहे.

तरी त्या सगळ्या बांधकामांत एक काम माझं होतं. मुलींच्या वसतिगृहात दोघींच्या खोलीत चौघी झोपत होत्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना तर जागाच उरत नव्हती. वर एक मजला चढवा, म्हणून मी बैठकीमागून बैठक कुलगुरूंचं डोकं खाल्लं. शेवटी मला गप्प करण्यासाठी का होईना, मजला मंजूर झाला.

ठेकेदार नगरचा. त्याची एकाच वेळी अनेक ठिकाणी कामं चालू असायची, त्यामुळं तो आठवड्यातून एकदा जीप घेऊन यायचा, फोनवर बोलत एक फेरी मारायचा आणि जायचा. आमच्या साइटवर त्यानं एका मुलीला इंजिनिअर म्हणून ठेवलं तेव्हा मी चकित झाले, आणि ती जवळ येऊन पाया पडली तेव्हा तर आणखीच. आवारातल्याच ज्युनिअर कॉलेजात बारावीला माझ्याच वर्गात होती ती. पलीकडच्या वस्तीवरची. प्रॅक्टिकलला ब्युरेट फोडून वर मलाच, काचच हलकी होती, असं सांगणारी.

तिच्या वडलांना तिचं हे साइटवरचं काम पसंत नव्हतं. उन्हातान्हात गड्यांच्यात उभं राहायचं, त्यापेक्षा नगरला एखाद्या ऑफिसात बसून नकाशे काढावेत, असं त्यांचं मत. हा एवढा स्लॅब नीट पडू दे, मग पुढचं बघू, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ठेकेदारही तेच म्हणाला होता. दोन्हीकडून असं 'बघू' ऐकून ती डोक्याला स्कार्फ आणि वर पिवळं हेल्मेट घालून उभी होती, आणि सेंट्रिंगवाल्यांना सळ्यांमधली अंतरं परत मोजायला लावत होती. मला तिचा अभिमान वाटला. तसं मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं लगेच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून रोजचा चहा मागितला असता. तो तिनं तसाही मागितलाच.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघरच. सकाळी नारळ फुटला, डिझेलचा मिक्सर धडधडायला लागला, घमेली हातोहात वर चढायला लागली. स्लॅब एकदा सुरू झाला की पुरा होईपर्यंत मध्ये थांबायचं नसतं, आणि त्या दिवशी टोळीला मालकानं गोडाचं खाऊ घालायचं असतं. आता विद्यापीठाला मालक कोण? खाऊ घालण्याच्या खर्चासाठी आमच्याकडे रकाना नाही. ती कसर आमचे आबा भरून काढतात.

आबा म्हणजे बांधकाम समितीतले शेतकरी सभासद. या आवाराची बरीचशी जमीन मूळची त्यांची, त्यामुळं त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नाही. बैठकीत ते डोळे मिटून बसतात आणि सगळे दमले की एकच वाक्य बोलतात, तेच शेवटी ठरतं. त्यांचं गुऱ्हाळ कॅम्पसला लागूनच आहे आणि तेव्हा ते जोरात चालू होतं. त्यांनी टोळीसाठी दुधाच्या मोठ्या कॅनमधून आलं-लिंबू घातलेला गार रस पाठवला. मिक्सरवाला प्यायला, मुकादम प्यायला, घमेली वाहणाऱ्या बायका प्यायल्या, मी दोन ग्लास प्यायले. कुलगुरू मधुमेहाचं कारण सांगून अर्धा ग्लास म्हणाले आणि तीन वेळा अर्धा प्यायले.

दुपारनंतर लाइट गेली. बोअरची मोटार बंद, टाकी तळाला, आणि स्लॅबचा जिन्याकडचा शेवटचा पट्टा अजून बाकी. आबांनी लगेच गुऱ्हाळावर निरोप धाडला की विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून, टेम्पोत घालून पाठवा. गुऱ्हाळावर डिझेल इंजिन होतं. पाणी आलं, मिक्सरात पडलं, सूर्य मावळायच्या आत स्लॅब पुरा झाला. सगळ्यांनी आबांचं कौतुक केलं. आबा नुसते मान हलवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर ती जिन्याच्या तोंडाशी उकिडवी बसली होती. बाकीचा स्लॅब दगड झाला होता. शेवटचा पट्टा मात्र शिऱ्यासारखा. तिनं अंगठा दाबला तर अंगठ्याचा खड्डा पडला.

 रोज मागून घेतलेला चहा त्या दिवशी मी पुढं केला तरी तिनं घेतला नाही.

ठेकेदार दुपारी आला आणि सगळ्यांसमोर तिच्यावर घसरला. सिमेंट कमी पडलं असेल, पाणी जास्त झालं असेल, लक्ष नव्हतं तर आली कशाला, असं बरंच काही. पट्टा फोडून टाकू, तिला घरी पाठवू आणि दुसरा माणूस आणू, असं त्यानं जागेवरच जाहीर केलं. मी मध्ये तोंड घालणार होते, पण तिनंच हातानं मला थांबवलं. तिला म्हणे दोन तास हवे होते.

ते दोन तास ती कोपऱ्यांत वाकून फिरत राहिली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाहिल्या, वाळू चाळली, आणि मग जिन्याखाली आडव्या पडलेल्या दुधाच्या कॅनपाशी थांबली. मला हाक मारली. कॅनच्या तोंडातून मुंग्यांची भलीमोठी रांग आत-बाहेर चालली होती. आत वाकून वास घेतला तर आलं-लिंबू.

गुऱ्हाळावरच्या माणसांनी रस संपलेले कॅन न धुता तसेच विहिरीच्या पाइपाखाली धरले होते. त्यांचंही काय चुकलं? रसाचं भांडं विसळून रस वाया घालवायचा, हे त्यांच्या हातून व्हायचंच नाही. तळाचा रस पाण्यात आणि पाणी स्लॅबमध्ये. आणि साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही, हे रसायनशास्त्राच्या बाईला सांगायला कुणी लागत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की साखर किती गेली. थोडी असेल तर सिमेंट उशिरा घट्ट होतं पण चांगलं होतं. जास्त असेल तर कधीच नाही.

मी तडक प्रयोगशाळेत गेले. कागदी कपांत सिमेंट कालवलं, एकात नुसतं पाणी, बाकीच्यांत रस थोडा थोडा वाढवत नेला. शिपाई दारातून पाहत होता. त्याला वाटलं मॅडमनी इडल्या घातल्यात, आणि तो चटणीचं विचारून गेला.

संध्याकाळी समिती बसली. तिनं उभं राहून जसं घडलं तसं सांगितलं. कॅनचं सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप आबांकडे वळल्या. आबांनी डोळे उघडले.

"पोरी, माझ्या रसानं झालं का गं हे?"

"रसानं झालं, आबा," ती म्हणाली. "पन साइटवर येनारं पानी बघून घ्यायचं काम माझं हुतं. मी घाईत बघितलं न्हाई. स्लॅब माझा हाय."

एरवी ती माझ्याशी चांगलं छापील बोलायची. त्या दिवशी घरचंच बोलली. तिनं आठ दिवसांची मुदत मागितली. तोवर खालचा एकही टेकू हलवायचा नाही, पट्टा ओल्या गोणपाटांनी झाकून ठेवायचा, आणि तरी तो घट्ट झाला नाही तर ती स्वतः उभं राहून फोडून घेईल आणि जाईल. ठेकेदार तोंड वाकडं करत होता. आबा म्हणाले, "देऊन टाका आठ दिवस." मग झालंच.

त्या आठ दिवसांत स्लॅबला जेवढे पाहुणे आले तेवढे आमच्या दीक्षान्त समारंभालाही येत नाहीत. जो तो सकाळी उठून वर यायचा, गोणपाट उचलायचा आणि अंगठा दाबून बघायचा. मेसच्या बायका कणीक तपासावी तशा दाबायच्या आणि आपसांत मत द्यायच्या. कुलगुरू फिरायला जाताना चढायचे आणि पेनाच्या टोकानं टोचून बघायचे. ती सगळ्यांवर ओरडायची, आणि सगळे उतरले की स्वतः गोणपाट उचलून दाबायची. तिचे वडील एकदा कुंपणाबाहेर मोटारसायकल लावून नुसते वर बघत उभे राहिले. आत काही आले नाहीत.

माझ्या कपांपैकी नुसत्या पाण्याचा पहिल्याच दिवशी घट्ट झाला होता. थोड्या रसाचे मात्र ढिम्म. मला रात्री झोप लागेना. मी तिच्यासाठी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, विज्ञानाची बाई आहे मी. मग एका सकाळी सगळ्यांत कमी रसाचा कप मी टेबलावर आपटला आणि तो ठक्क वाजला. तशीच कप हातात घेऊन, चपला न घालता, वसतिगृहाकडे पळाले. ती वर गोणपाटावर पाणी मारत होती. आम्ही दोघींनी मिळून अंगठा दाबला. खड्डा पडला नाही.

तरी तिनं कुणाला आनंद करू दिला नाही. काँक्रीटला पुरी ताकद यायला महिना लागतो, असं म्हणून तिनं महिनाभर टेकूंना हात लावू दिला नाही. मग नगरहून माणूस आला. त्याच्याकडचं यंत्र स्लॅबवर दाबलं की ताकदीचा आकडा दाखवायचं. त्यानं सगळीकडे दाबून पाहिलं, जिन्याकडच्या पट्ट्यावर दोनदा पाहिलं, आणि शेवटचा पट्टा बाकीच्यापेक्षा थोडा चढच आहे असं सांगितलं. ठेकेदारानं आकडे स्वतः वाचले आणि फोन कानाला लावला, बहुधा कुणीच फोन केलेला नसताना.

टेकू काढायच्या दिवशी आबा आले ते खुर्ची घेऊनच. बरोबर त्या पट्ट्याखाली मांडली आणि बसले. माझ्या रसाचा स्लॅब हाय, पडला तर माझ्याच डोक्यावर पडू दे, असं त्यांचं म्हणणं. आमच्यापैकी कुणाची हिंमत होईना. ठेकेदारही लांबूनच हात जोडत होता. ती तरातरा आत गेली.

"आबा, उठा. टेकू निघताना खाली कुनी थांबायचं नसतं. तुमी सुद्धा न्हाई."

 आबांना असं कुणी उठवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते उठले, खुर्ची स्वतःच्या हातानं उचलली आणि मुकाट बाहेर येऊन आमच्या रांगेत उभे राहिले.

टेकू एकेक निघाले. शेवटचा खाली आला, फळ्या सुटल्या, आणि काहीच झालं नाही. ती वाकून, दिवा धरून, खालून इंचन्‌इंच बघत होती. कुठं तडा नाही, केसाएवढाही नाही. मग ती मला काही न सांगता जिन्यानं वर निघाली. मी मागोमाग गेले.

वर जाऊन बघते तर तिनं हेल्मेट काढून ठेवलं होतं आणि त्या पट्ट्याच्या मधोमध ती उड्या मारत होती, दोन्ही पायांनी, जीव खाऊन. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. खालून कुणीतरी काय चाललंय म्हणून विचारत होतं. अगं पुरे, म्हणून मी ओरडले. माझं वय, माझं वजन, माझे गुडघे, सगळं मला त्याच क्षणी आठवलं.

"तुम्ही पण मारा, मॅडम," ती म्हणाली. "धरतोय तो."

मी साडी वर खोचली आणि मारली.