रडून दाखव

लाकडी पट्टी मोडली. सुमीच्या बोटांवर. आणि सुमी हसली.

मी वर्गाच्या दारात उभी. शाळेनं बोलावलं म्हणून कांजूरमार्गच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेली. नवरा गिरणीच्या संपापासून घरी, माझ्याच मजुरीवर चूल, तरी आले. बाईंनी मला दाखवायलाच मारलं.

"बघ, कोडगी आहे तुझी मुलगी. डोळ्यांत टिपूस नाही. तुमच्या लोकांची कातडीच जाड."

मी त्यांना अहो-जाहो, त्या मला अगं-तुगं. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची बौद्धांची वस्ती बाईंना चांगली ठाऊक होती. पोरं फिदीफिदी हसली.

सुमीला दुखतच नाही हो! जन्मापासून. भाजलं, कापलं, काही कळत नाही. फार क्वचित एखाद्या पोराला असं असतं, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. बाईंना हजारदा सांगितलं. ऐकतंय कोण? त्या डॉक्टरांनीसुद्धा आधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "डागतं कोण हिला? खरं सांगा." शेजारीण अजून माझ्या हातातल्या सांडशीकडे बघते. आणि मला संशय स्टोव्हचा, खिळ्याचा, गरम चहाचा. कामावरून आले की आधी पोरीची झडती. तळपाय, बोटं, जीभ. एकदा पायात टाचणी घेऊन बया दिवसभर लंगडी खेळली. जीव नुसता टांगणीला.

तशीच हेडसरांकडे गेले. चहा मागवला त्यांनी, एकच कप, स्वतःपुरता. फार गोड बोलत होते. तिथंच मला शंका आली.

"बाकीच्या मुलांवर वचक राहत नाही ना. तिला रडायला शिकव. रडली की बाई थांबतील."

मी मान डोलावली. काय करणार? नाव कापलं तर पोर माझ्यासारखीच खोकी भरत बसणार. संध्याकाळी तिला समोर बसवलं. "रड बरं." तिनं तोंड वाकडं केलं, हुं हुं केलं, डोळे चोळले. मग थांबून म्हणाली, "आई, असं चालेल ना बाईंना?"

डोळे चोळणारी बोटं टम्म सुजली होती.

अंगाची आग झाली माझ्या. मारणारी तिकडे मोकळी, आणि मी मार खाणारीला शिकवत बसलेय!

सकाळी तिच्याबरोबर वर्गात शिरले. टेबलावर नवी पट्टी होती. उचलली.

"ती रडणार नाही, बाई. आणि ही पट्टी तुम्हाला मिळणार नाही."

"कुणाशी बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय. म्हणूनच बोलतेय."

"नाव काढून टाकायला लावीन."

"लावा. मी दारात बसते. रोज बसेन."

बसले. खाडे पडले, मुकादमानं शिव्या घातल्या, तरी बसले. बाईंचा हात कुठं जातो, त्यावर माझी नजर. तो पुन्हा उठला नाही. पण माझा विश्वास नाही, आजही नाही.

सुमीला रडणं शिकवलं नाही. एकच शिकवलं. कुणी "हात पुढे कर" म्हटलं, तर करायचा नाही. दुखत नाही म्हणून काय झालं? मार तो मारच.