तिसरं बटण

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी वाचते ते टवाळी करायला. धुळ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रिपोर्टमध्ये आलं तर आहे, नाही आलं तर नाही — एवढीच माझी श्रद्धा. तरीही लिहायला बसलेय, कारण ज्याच्यासोबत हे घडलं त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

आमचं गाव पिंपळनेर. धाकटा भाऊ चेतन जळगावला बीएस्सीला लागला, हॉस्टेलवर राहिला. श्रावणात कानबाईच्या सणाला घरी आला. आमच्याकडे कानबाई नारळाची मांडतात — डोळे, नथ, सगळा साज — आणि प्रसादाचे रोट खायला भाऊबंद कुठूनकुठून येतात. आरतीला सगळे देवीच्या तोंडाकडे बघत होते आणि चेतन स्वतःच्या शर्टाकडे. जेवताना तेच, बोलताना तेच. मी हनुवटी धरून वर केली तर पोरगं थरथरायला लागलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हॉस्टेलवर सीनियर पुढे आले की ज्युनियरने मान घालून आपल्याच शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघायचं. वर बघितलं की थोबाडीत. गंमत म्हणजे व्हरांड्यात जिथे त्यांना उभं करायचे, तिथेच रॅगिंगविरोधी मोठ्ठा बोर्ड होता. चेतन म्हणाला, मी परत जाणार नाही, शिक्षण बस झालं, कुठेतरी दुकानावर बसेन. वर्गात पहिला येणारा माझा भाऊ...

मायने पदर पसरला आणि देवीला म्हणाली, "माय, मना पोऱ्यानी मान वर कर. आखो काही नको."

मीही हात जोडले, कित्येक वर्षांनी. पण मागितलं वेगळंच. ज्याने ही मान खाली पाडली, त्याची कधी वर होऊ देऊ नकोस. मागितलं कसलं, तळतळाट दिला.

देवीच्या भरवशावर मात्र बसले नाही. हेल्पलाइनवर तक्रार केली, ईमेल टाकला, सुट्टी काढून चेतनला घेऊन जळगावला गेले. कॉलेजच्या अँटी-रॅगिंग कमिटीने सीनियर मुलांना रांगेत उभं केलं. पुढारी होता हर्षल — बाप सावद्याचा केळीचा मोठा व्यापारी. अध्यक्ष मॅडमनी चेतनला विचारलं, यातले कोण?

चेतन खाली बघूनच मला म्हणाला, "अक्का, मी कोणंच तोंड देखेल नही."

तोंड बघूच दिलं नव्हतं, तर ओळखणार कसं? बाकीचे ज्युनियर दाराशी उभे होते, पण भीतीने एकाच्या तोंडून शब्द फुटेना. हर्षल गालातल्या गालात हसत होता. म्हणाला, "मॅडम, हा आम्हाला ओळखतही नाही, मग तक्रार कशाची..."

आणि बोलता बोलता त्याची मान खाली गेली.

मॅडमना वाटलं, नाटक करतोय. त्या म्हणाल्या, वर बघून बोल. त्याने प्रयत्न केला. मग हनुवटीखाली दोन्ही हात लावून वर ढकलायला लागला. मान हलेना. नजर शर्टावर खिळलेली.

दारातून एक ज्युनियर हळूच म्हणाला, "तिसरं बटण."

त्यानंतर मुलं जी बोलायला लागली ती थांबेचनात. कोणी कोणाला कुठे उभं केलं, कोणाच्या कानशिलात बसली, सगळं. हर्षलला कॉलेजने काढलं, पोलिसांत तक्रार गेली. आणि चेतन? परत येताना बसमध्ये तो खिडकीतून बाहेर बघत होता. आपणहून, मान वर करून.

हर्षलची मान मात्र तशीच. जळगाव झालं, नाशिक झालं. एमआरआय स्वच्छ. आडवा केला की मान सरळ होते, उभा राहिला की पुन्हा बटणावर. कोणी म्हणालं, मानसिक आहे. असेलही. पण घाबरायचं असतं तर तो आधी घाबरला असता — त्या दिवशी तो जिंकत होता.

यंदा कानबाईला त्याचा बाप त्याला घेऊन आमच्या दारात आला. आम्ही कानबाईला गाऱ्हाणं घातल्याचं कुठून कळलं कोण जाणे. पोराचं आयुष्य आहे, म्हणत मायचे पाय धरायला लागला. माय विरघळली. हर्षलला देवीसमोर बसवून म्हणाली, "जाऊ दे माय, सोडी दे त्याले."

काहीच झालं नाही. मायने वळून माझ्याकडे पाहिलं. "तू काय मांगं व्हतं?" मी समईची वात सारखी करायला लागले. तिला कळायचं ते कळलं.

बाप माझ्याकडे वळला. म्हणाला, ताई, तो तुमच्या भावाची माफी मागेल.

मी म्हटलं, "मागू दे. पण माझ्या भावाच्या डोळ्यांत बघून."

हर्षल उभा राहिला. मानेच्या शिरा ताठल्या, घाम फुटला, शर्टावर टपटप पाणी पडायला लागलं. चेतन समोर उभा होता, त्याच्याकडे सरळ बघत. थोड्या वेळाने तोच म्हणाला, अक्का, बस कर.

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. माय रोज म्हणते, एकदा हात जोड, सोड त्याला. देव्हारा चार पावलांवर आहे. मी अजून गेलेले नाही.